मातीने मान्य केलेली साक्ष

१९८८ सालच्या ऑगस्ट महिन्याचा शेवटचा आठवडा. इराण-इराक युद्धाला विराम मिळून आठवडाही उलटला नव्हता. आठ वर्षांच्या रक्तपातानंतर आता शांतता नांदेल, अशी आशा जगभर व्यक्त होत असतानाच उत्तर इराकच्या बादिनान प्रदेशातून हजारो कुर्द कुटुंबे डोंगरवाटांनी तुर्कस्तानच्या सीमेकडे धाव घेऊ लागली. थोड्याच दिवसांत सुमारे ६५,००० माणसे सीमेपलीकडे पोचली. तेथील तंबूंतून ती जे सांगत होती, ते थोडक्यात असे होते. विमाने आली. बाँब पडले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा कानठळ्या बसवणारा नव्हता. पिवळसर धूर जमिनीलगत पसरला. आधी पाखरे व गुरेढोरे कोसळली, मग माणसे. जी वाचली त्यांच्या अंगावर फोड उठले, डोळ्यांची आग झाली, श्वास कोंडला.

यावर जगाचा प्रश्न एकच होता. पुरावा काय?

इराकने आरोप साफ नाकारला. तुर्कस्तानने या निर्वासितांना आसरा दिला, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु शेजाऱ्याशी असलेले संबंध त्याला बिघडवायचे नव्हते. आपल्या डॉक्टरांना विषारी वायूची लक्षणे आढळली नाहीत, असे तेथील अधिकाऱ्यांनी जाहीर केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या तपासणी पथकाला येऊ दिले नाही. इराणला आवर घालण्यासाठी पाश्चात्त्य राष्ट्रांना बगदाद हवे होते. त्यामुळे तंबूत बसलेल्या शेतकऱ्याचा शब्द आणि एका सरकारचे निवेदन यांत जगाने कोणाचे पारडे जड मानावे, हे जवळजवळ आधीच ठरलेले होते. अमेरिकेच्या सिनेटने सप्टेंबरमध्ये इराकवर निर्बंध घालणारे विधेयक एकमताने संमत केले खरे. पण ते कायद्यापर्यंत पोचलेच नाही.

या उदासीनतेच्या वातावरणात काही थोड्या माणसांनी मात्र एक साधे काम केले. ती वही-पेन्सिल घेऊन तंबूंत गेली. सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे दोन कर्मचारी सप्टेंबरमध्ये तेथे पोचले. ऑक्टोबरमध्ये ‘फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स’ या संघटनेच्या डॉक्टरांचे पथक गेले. कोणते गाव, कोणता दिवस, किती विमाने, वारा कोणत्या दिशेचा, काय दिसले, कसला वास आला, प्रथम कोणाला काय झाले, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून घेतली. निरनिराळ्या गावांच्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांची कथने परस्परांशी जुळत होती. ६५,००० माणसे डोंगर ओलांडता ओलांडता एकच खोटी गोष्ट रचून पाठ करू शकत नाहीत. एवढा साधा तर्कही त्या वेळी राजधान्यांमधील अनेकांना पटला नाही.

चार वर्षांनी, १९९२ साली, चित्र बदलले होते. कुवेतच्या युद्धानंतर उत्तर इराकमधून सद्दाम हुसेनचे सैन्य मागे हटले होते आणि संशोधकांना त्या गावांपर्यंत जाता येत होते. बिरजिन्नी या उद्ध्वस्त खेड्यात बाँब पडले होते त्या खड्ड्यांतील माती त्यांनी गोळा केली. ब्रिटनमधील पोर्टन डाऊन येथील प्रयोगशाळेत ती तपासली गेली. १९९३ साली निष्कर्ष हाती आला. त्या मातीत मस्टर्ड वायूचे आणि सारिन या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषाचे अंश होते. चार हिवाळ्यांचा बर्फ आणि पाऊस पिऊनही माती विसरली नव्हती. तंबूतील शेतकऱ्याने जे सांगितले होते तेच ती सांगत होती.

या प्रसंगातून जो बोध मिळतो तो केवळ कुर्दांपुरता नाही. मातीला प्रश्न कोठे विचारायचा, हे माणसाने सांगितल्यावाचून कळत नाही. बिरजिन्नीच्या खड्ड्यांपर्यंत शास्त्रज्ञांना घेऊन जाणारी वाट साक्षीदारांच्या शब्दांनीच आखली होती. ते शब्द वेळेवर कोणी लिहून ठेवले नसते, तर सरकारचा इन्कार हाच इतिहास ठरण्याचा धोका होता.

दुसरे उदाहरण कोरेमे या गावाचे. २८ ऑगस्ट १९८८ रोजी सैनिकांनी या गावातील ३३ पुरुषांना व तरुण मुलांना एका रांगेत बसवले आणि गोळ्या घातल्या. २७ जण ठार झाले, सहा वाचले. वाचलेल्यांनी रांग कोठे होती, सैनिक कोठे उभे होते, प्रेते कोठे पुरली, हे सारे सांगितले. १९९२ साली क्लाइड स्नो या ख्यातनाम अस्थितज्ज्ञांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. सांगाडे २७ निघाले. झाडलेल्या गोळ्यांची रिकामी पुंगळी जमिनीवर जेथे सापडली, त्यावरून सैनिकांची जागाही निश्चित करता आली. कथन आणि अस्थी यांची अशी गाठ पडली, की संशयाला जागा उरली नाही.

कुर्दांच्या बाबतीत तोंडी साक्षीला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी त्या समाजाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार देशांत विभागलेला हा कोट्यवधींचा समाज आहे. १९२० सालच्या सेव्हरच्या तहाने त्याला स्वायत्ततेची आणि पुढे स्वातंत्र्याचीही आशा दाखवली. १९२३ सालच्या लोझानच्या तहात तिचा उल्लेखही राहिला नाही. स्वतःचे राज्य नाही म्हणजे स्वतःचे दफ्तर नाही. जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा, नकाशावरील गावाचे नाव हे सारे दुसऱ्याच्या हाती. सीरियात १९६२ साली हसाका प्रांतात झालेल्या एका जनगणनेने सुमारे १,२०,००० कुर्दांचे नागरिकत्व काढून घेतले. तुर्कस्तानात १९८३ सालच्या कायद्याने कुर्दी भाषेत काही प्रसिद्ध करणेच निषिद्ध ठरवले होते. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. अशा समाजाचा इतिहास कागदावर कमी आणि कंठात अधिक असतो. आपल्याकडे शाहिरांनी जे केले तसेच काम तेथे ‘देंगबेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. पण गायकाचे कवन न्यायालयात चालत नाही. तेथे तारीख लागते, स्थळ लागते, सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले ते लागते.

बादिनानमधील विषारी वायूचे हल्ले हा १९८८ सालच्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात इराकी राजवटीने कुर्दांविरुद्ध चालवलेल्या मोहिमेचा अखेरचा टप्पा होता. ‘अन्फाल’ हे त्या मोहिमेचे नाव. तिची सूत्रे सद्दामचा चुलतभाऊ अली हसन अल-माजिद याच्याकडे होती. सुमारे २,००० खेडी जमीनदोस्त झाली. ‘ह्युमन राइट्स वॉच’च्या अंदाजाप्रमाणे किमान ५०,००० आणि कदाचित १,००,०००पर्यंत माणसे मारली गेली, कुर्द स्वतः १,८२,००० हा आकडा सांगतात. त्याच वर्षी १६ मार्च रोजी हलब्जा शहरावर झालेल्या वायुहल्ल्यात हजारो नागरिक तडफडून मेले, ते वेगळेच. बळींमध्ये बहुसंख्य कुर्द सुन्नी मुसलमान होते. अखेरच्या टप्प्यात असिरियन ख्रिस्ती व याझिदी कुटुंबेही बेपत्ता झाली.

१९९१च्या उठावात कुर्दांनी इराकी गुप्तचर खात्याच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, तेव्हा १८ टन सरकारी कागदपत्रे त्यांच्या हाती आली. ती पुढे अमेरिकेत नेऊन तपासण्यात आली. त्यांत जून १९८७चा एक हुकूम होता. निषिद्ध ठरवलेल्या प्रदेशात पकडलेल्या १५ ते ७० वयाच्या माणसांकडून उपयुक्त माहिती काढून घ्यावी आणि नंतर त्यांना ठार करावे, असे त्यात नोंदवले होते. दुसरीकडे १९९२-९३ मध्ये संशोधकांनी गावोगाव फिरून साडेतीनशेच्या आसपास साक्षी नोंदवल्या. सरकारचा कागद आणि विधवेचा शब्द शेजारी ठेवले, तेव्हा दोन्ही एकच हकीकत सांगत होते. फरक इतकाच, की कागदात माणसांची संख्या होती आणि विधवेच्या शब्दांत त्यांची नावे.

या साक्षींपैकी एक बारा वर्षांच्या मुलाची होती. आई आणि बहिणींसह त्याला मालमोटारीतून दक्षिणेच्या वाळवंटात नेले गेले, खड्ड्याच्या काठी गोळ्या घातल्या गेल्या. जखमी अवस्थेत तो अंधारातून निसटला. त्याला लपवले, औषधपाणी केले आणि पोटच्या पोरासारखे सांभाळले ते एका अरब कुटुंबाने, स्वतःचा जीव धोक्यात घालून. पुढे २००६ साली बगदादच्या विशेष न्यायालयात अन्फालचा खटला उभा राहिला, तेव्हा तो मुलगा तरुण साक्षीदार म्हणून सद्दामसमोर उभा होता. त्या साक्षीत मारणारे सांगितले गेले तसे तारणारेही सांगितले गेले. खऱ्या साक्षीची हीच खूण असते. तिच्यात एक संपूर्ण जात राक्षस आणि दुसरी संपूर्ण जात देव, अशी वाटणी नसते.

त्या खटल्याचा शेवट मात्र विचार करायला लावणारा आहे. खटला चालू असतानाच ३० डिसेंबर २००६ रोजी सद्दामला दुजैल येथील हत्याकांडाबद्दल फाशी झाली. अन्फालच्या आरोपातून त्याचे नाव मृत्यूमुळे वगळले गेले. अली हसन अल-माजिद व इतर दोघांना जून २००७ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. अल-माजिदला २०१० साली फाशी झाली. पण ज्याच्या नावाने हे सारे घडले, त्याच्यावर या गुन्ह्याचा निकाल कधीच लागला नाही. अठरा वर्षे वाट पाहून न्यायालयात आलेल्या स्त्रियांच्या साक्षी दफ्तरात आहेत. त्यावरचा एक निवाडा कायमचा कोरा राहिला. न्याय असा चुकतो, तेव्हा नोंदवलेली साक्ष एवढीच गोष्ट मागे उरते.

असे असताना साक्ष नोंदवण्याचे काम कसे व्हावे? ते वाटते तितके सोपे नाही. डोंगरातील शेतकरी दिनदर्शिकेच्या तारखा सांगत नाही. गव्हाची कापणी, रमजान, नवरोज, पहिला बर्फ ही त्याची कालगणना. नोंद घेणाऱ्याला ती समजून घ्यावी लागते. गावाची नावे दुहेरी असतात. कुर्द ज्याला ‘सेरेकानिये’ म्हणतात त्याला नकाशा ‘रास अल-ऐन’ म्हणतो; ‘कोबानी’ सरकारी दफ्तरात ‘ऐन अल-अरब’ होते. दोन्ही नावे लिहिली नाहीत तर उद्याचा वाचक चुकीच्या गावी पोचेल. कुर्मांजी आणि सोरानी या कुर्दीच्या प्रमुख बोली एकमेकींहून इतक्या वेगळ्या, की एकीचा दुभाषी दुसरीच्या साक्षीला पुरा पडेलच असे नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले काय आणि कानांनी ऐकलेले काय, हे वेगवेगळे लिहिले गेले पाहिजे. “सैनिकांनी तुम्हांला मारले ना?” असा प्रश्न विचारणारा उत्तर स्वतःच पुरवत असतो. “मग काय झाले?” एवढेच विचारून गप्प राहणारा खरा नोंदकार. सहानुभूतीच्या भरात आकडा फुगवणारा, तपशील रंगवणारा माणूस पीडिताचा हितचिंतक नव्हे. त्याची एक अतिशयोक्ती उघडी पडली, की विरोधी वकील शंभर खऱ्या साक्षी तिच्याखाली गाडतो.

साक्षीदाराची प्रतिष्ठा हा याहून नाजूक प्रश्न आहे. कुर्द कवयित्री व अभ्यासक चोमन हार्डी यांनी अन्फालमधून वाचलेल्या स्त्रियांशी बोलून २०११ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या स्त्रियांना नेहमी काळ्या वस्त्रांत रडताना दाखवले जाते. पण पुरुष गेल्यावर त्यांनी मोलमजुरी करून मुले कशी वाढवली, समाजाच्या कुजबुजीला कसे तोंड दिले, आजार आणि दारिद्र्य यांच्याशी कसा झगडा केला, हे कोणी विचारत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अश्रूंचे छायाचित्र घेऊन निघून जाणाऱ्याला साक्ष हवी नसते, दृश्य हवे असते.

ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारच्या याझिदींवर ‘इस्लामिक स्टेट’ने घाला घातला तेव्हा हाच अनुभव पुन्हा आला. कुर्मांजी बोलणाऱ्या या समाजातील काही जण स्वतःला कुर्द म्हणवतात, काही स्वतंत्र समाज मानतात. कैदेतून सुटून निर्वासित छावण्यांत आलेल्या मुलींना एकामागून एक वार्ताहर तीच हकीकत पुन:पुन्हा सांगायला लावत होते. काहींची ओळख उघड झाली, मागे कैदेत राहिलेल्या त्यांच्या नातेवाइकांच्या जिवाला धोका निर्माण झाला. कोचो गावची नादिया मुराद डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे निर्भयपणे बोलली. २०१८ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्याच नावाने २०२२ साली एक आचारसंहिता तयार झाली. तिचे सार आपल्याकडील कोणत्याही सुसंस्कृत घराला सहज पटावे असे आहे. सांगायचे की नाही, किती सांगायचे, कोणाला सांगायचे आणि मधेच थांबायचे का, हा निर्णय सोसणाऱ्याचा. विचारण्याआधी दहादा विचार करावा. जे आधीच नोंदले गेले आहे ते पुन्हा उकरू नये.

आणखी एक कसोटी आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. आपल्या पक्षाला अडचणीची ठरणारी साक्ष आपण नोंदवतो काय? अन्फालमध्ये इराकी सैन्याला वाटा दाखवणाऱ्यांत कुर्द टोळीप्रमुखांच्या पथकांचाही वाटा होता. कुर्द लोक त्यांना तुच्छतेने ‘जाश’ म्हणजे गाढवाचे शिंगरू म्हणतात. वाचलेल्यांच्या साक्षींत त्यांचा उल्लेख येतो. आणि याच पथकांतील काहींनी चोरून लोकांना पळूनही जाऊ दिले, हेही येते. पुढे सत्ता हाती आल्यावर कुर्द सैन्याकडूनही अन्याय घडले. उत्तर सीरियात अरबांची घरे पाडली गेल्याची नोंद २०१५ साली ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ने केली. त्या अरब कुटुंबाचा शब्दही तितक्याच निगुतीने लिहिला गेला पाहिजे. ज्याला केवळ आपल्या माणसाचे दुःख ऐकू येते, त्याच्या वहीवर उद्या आपल्या माणसाच्या बाबतीतही कोणी विश्वास ठेवणार नाही.

या परिश्रमांचे फळ उशिरा का होईना मिळते. इराकला रसायने पुरवणारा डच व्यापारी फ्रान्स व्हान अनराट याला २००५ साली हेगच्या न्यायालयाने युद्धगुन्ह्यांतील साहाय्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि कुर्दांचा वंशसंहार झाला होता, हे निकालपत्रात मान्य केले. वायुहल्ल्यांत पोळलेल्यांचे शब्द त्या न्यायालयात ऐकले गेले होते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील न्यायालयाने ‘इस्लामिक स्टेट’च्या एका माणसाला याझिदींच्या वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली. या गुन्ह्यासाठी जगात झालेली ही पहिलीच शिक्षा. त्याने एका पाच वर्षांच्या याझिदी मुलीला फल्लुजाच्या रणरणत्या उन्हात बांधून ठेवून मारले होते. त्या मुलीची आई न्यायालयात उभी राहिली. परक्या देशात, दुभाष्याच्या साहाय्याने, दिवसेंदिवस उलटतपासणी सोसत तिने सांगितले. तिच्या शब्दावर निकाल उभा आहे.

परंतु विस्थापन थांबलेले नाही. २०१८ साली तुर्की सैन्य व त्याच्या साथीदार टोळ्या आफ्रिनमध्ये घुसल्या, तेव्हा १,००,०००हून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेरेकानिये परिसरातील माणसे निघाली. काही हजार सीमा ओलांडून इराकमधील बर्दाराश छावणीत पोचली. आफ्रिनहून निघून तल रिफात भागात आसरा घेतलेल्यांना डिसेंबर २०२४ मध्ये, असद राजवट कोसळत असताना, दुसऱ्यांदा बाडबिस्तारा आवरावा लागला. आणि २०२४ सालच्याच सप्टेंबरमध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करणारे संयुक्त राष्ट्रांचे पथक इराकमधील आपले काम गुंडाळून गेले. ज्यांनी जिवावर उदार होऊन त्या पथकाला आपली कहाणी सांगितली, त्यांच्या साक्षी कोणाच्या स्वाधीन राहणार, हा प्रश्न त्या स्त्रियांनी विचारला तर तो अगदी रास्त आहे. साक्ष घेणे हे एक कर्तव्य. ती जपणे आणि सांगणाऱ्याचे नाव सुरक्षित ठेवणे हे त्याहून मोठे.

कुर्दांमध्ये एक जुनी म्हण आहे, की पर्वतांखेरीज आपल्याला मित्र नाही. १९८८ साली जगाने ती खरी करून दाखवली. तंबूत जाऊन शांतपणे ऐकणाऱ्या आणि जसेच्या तसे लिहून ठेवणाऱ्या मोजक्या माणसांनी तिला थोडा तरी अपवाद घडवला. अन्फाल पाहिलेली पिढी आज म्हातारी होत चालली आहे. २०१९ साली समावाच्या वाळवंटात कुर्द स्त्रिया व मुलांची सामूहिक कबर उकरली गेली, तेव्हा आपल्या माणसांचे अवशेष ओळखण्याची आस बाळगणारी वृद्ध माणसे गावागावांत होती. दर वर्षी त्यांतील काही कमी होत आहेत. माती जपून ठेवते, पण तिला बोलते करण्यासाठी जागा दाखवणारा कोणी जिवंत असावा लागतो. तो आहे तोवर त्याच्या दाराशी जाऊन बसले पाहिजे.